नेतीचं पाणी

चूक माझीच होती. आधीच सांगून टाकते, नाहीतर सांगता सांगता मी स्वतःला हळूच सोडवून घेईन.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात अकरावीला जीवशास्त्र शिकवते आणि राहते अंबरनाथ पूर्वेला. प्रॅक्टिकलसाठी पालेगावात नव्या टॉवरांच्या मागे उरलेल्या डबक्यातलं पाणी आणते. त्या गुरुवारी बाटली गळायला लागली म्हणून ते पाणी सरळ स्वयंपाकघरातल्या पातेल्यात ओतलं आणि वर झाकण ठेवलं. रात्रीतून गाळ खाली बसला, वर पाणी कसं नितळ! शुक्रवारी नळ बंद राहणार होते, ओट्यावर भांडीच भांडी भरून ठेवलेली होती. त्यांतच हेही. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय?

सकाळी पाहते तर सासरे बेसिनवर वाकलेले. ते रोज जलनेती करतात. कोमट पाण्यात मीठ घालून एका नाकपुडीतून घ्यायचं, दुसरीतून सोडायचं. माझ्या पातेल्याचं झाकण बाजूला पडलं होतं.

"साठवणीच्या पाण्याला आज मातीचा वास येतोय गं."

"कालचं आहे ना बाबा, म्हणून असेल," मी म्हणाले.

किती सहज म्हणाले! असल्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो आणि मग माणूस सहसा वाचत नाही, हे मीच पोरांना दरवर्षी रंगवून सांगते. मेली तेवढ्यापुरती तरी जागी होतात.

एकपेशी जीवांचा प्रोटिस्टा हा गट म्हणजे घरातला माळा, असंही सांगते. प्राणी नाही, वनस्पती नाही, बुरशी नाही? मग टाक माळ्यावर! पोरं हसतात. पण त्या माळ्यावर कोण कोणाशेजारी बसलंय ते बघावं. पुस्तकातला गरीब अमीबा आणि हा मेंदूखाऊ, दोघांना आपण अमीबाच म्हणतो, कुळं मात्र पार वेगळी. हा मेला त्या हिरव्या युग्लिनाच्या बाजूचा नातेवाईक. नुसत्या आकारावरून ओळखायला जाल तर फसाल.

तरी मी गेलेच. उरलेलं पाणी लॅबमध्ये नेलं. तो मेंदूखाऊ डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवला की काही तासांत त्याला दोन शेपट्या फुटतात आणि तो पोहायला लागतो. थेंब घालून बसले. दुपारी भिंगाखालून दोन शेपट्यांचं काहीतरी सुळकन गेलं. पण दोन शेपट्यांचे जीव डबक्यात पैशाला पासरी असतात. हा तोच की दुसरा कोणी? इतकी वर्षं वर्गीकरण शिकवतेय आणि मला ठरवता येईना.

घरी कोणाला काही बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. बाबा शिंकले की माझा जीव खालीवर व्हायचा. "मान दुखत नाही ना बाबा?" असं दिवसातून दहादा विचारायची. "तुला झालंय काय?" ते म्हणायचे. मंगळवारी डोकं धरून बसले, अंगही कढत लागलं. तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"पाणी नाकात कधी गेलं?"

"शुक्रवारी."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

"शुक्रवारीच."

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

पाठीतलं पाणी काढून तपासलं. त्यात काही निघालं नाही. ताप साधा होता, सर्दी कपाळात साठली होती. तीन दिवसांनी बाबा घरी आले. मी पाया पडले, रडले, माफी मागितली. "असू दे गं," म्हणाले. त्यांनी ते कोणाला सांगितलंही नाही.

आता मी पाण्याचा पेला पुढे केला की ते तो हातात धरून थांबतात. "सूनबाई, हे पिऊ ना?" विचारतात. टोमणा मारला असता तर मी सोसला असता. पण ते खरंच विचारतात, आणि मी हो म्हटल्यावरही आधी पेल्यात बघतात.