मापाखालचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका नवरीचा ब्लाऊज आखूड झाला, ती चूक माझी होती. तिचं माप मीच वहीत दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पानावर लिहिलं होतं. पण दुकानात सगळ्यांसमोर मी बोट दाखवलं ते कापड कापणाऱ्या सुलभाताईंकडे.  त्या कात्री ठेवून गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

काल एक जुनी गिऱ्हाईक आली. "काका, टेप काढा."

"नको. नुसतं बघ."

मी मोबाइलमध्ये तिचं नाव टाकताच तिची सगळी मापं स्क्रीनवर आली.

"अय्या! कुणाकडून करून घेतलंत हे?"

"मीच केलंय," म्हणालो आणि छाती इंचभर वाढली. प्रोग्रामिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. एआयला साध्या मराठीत सांगत गेलो, चुकलं तिथे पुन्हा सांगितलं, आणि जमलं! इतका आनंद पहिली कॉलर नीट बसली तेव्हाच झाला होता.

बनवताना एआयने विचारलं होतं, माप कुणी घेतलं तेही नोंदवायचं का? मी कितीतरी वेळ टेप गुंडाळत बसलो. मग 'हो' लिहिलं. आता प्रत्येक मापाखाली माझं नाव असतं.

सुलभाताईंची माफी अजून मागायची आहे. तीही याच दुकानात, सगळ्यांसमोर.