चाचींच्या फ्रिजपुढची खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही—अर्धी गोष्ट त्याच्याच घरची आहे.

मी ईट गावाजवळच्या एका खेड्यात शिक्षिका. घरकुलाच्या यादीसाठी घरोघरी माहिती भरायचं काम आम्हा शिक्षकांवर आलं. भिंती कशाच्या, छत कशाचं, गाडी आहे का, फ्रिज आहे का—होय की नाही. एवढ्यावर ठरणार, गरीब कोण. हसू आलं ना? मलाही आलं होतं. पण हसता हसता खुणा मीच करत होते.

आधी सासरचं घर. स्लॅबचं, दारात दिरांचा ट्रॅक्टर. पण चूल वेगळी तर कुटुंब वेगळं, असा नियम. मग सासूबाईंची चूल गोठ्यात मांडली गेली—तीन विटांची, त्या दिवसापुरती. पुन्हा कधी तिच्यावर पातेलं चढलं नाही. मी मुकाट्यानं लिहिलं: एकटी वृद्धा, पत्र्याचा निवारा, वाहन नाही. भ्याले मी. मला नांदायचं तिथंच होतं.

आणि मग शरीफाचाची. गावोगाव फिरून बांगड्या भरणारी विधवा बाई. कुडाची एक खोली, कोपऱ्यात भावानं देऊन टाकलेला जुना फ्रिज.

“बंद हाय बाई त्यो. बांगड्याचे डबे ठिवते म्या त्येच्यात.”

उघडून पाहिला मी, डबेच होते. वायरसुद्धा नव्हती त्याला. तरी मी ‘होय’वर खूण केली—फ्रिज असला की यादीतून नाव बाद, हे ठाऊक असून. का? घरी वाकवलेला नियम कुठंतरी ताठ ठेवून दाखवायचा होता—स्वतःलाच. दिरांपुढं तोंड उघडलं नाही, आणि चाचींपुढं मात्र मी मोठी प्रामाणिक झाले!

आता ‘फॉर्मच तसा होता’ म्हणून माझी समजूत काढू नका. मी ऐकून घेणार नाही. फॉर्मनं काही तो फ्रिज उघडून पाहिला नव्हता, मी पाहिला होता. लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

सासूबाईंचं घरकुल झालं. त्यात दिरांची खताची पोती असतात. चाची अजून त्याच कुडात राहतात. गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या लग्नाचा चुडा त्यांनीच भरला—तिचा हात हळूहळू दाबत, एकही बांगडी न फुटू देता. बोलता बोलता म्हणाल्या, वरच्या कुण्या साहेबानं नाव कापलं, अल्ला त्याचं बघून घेईल. मी मान हलवली.

वर कुणी साहेब नव्हता. मी होते. त्यांच्याच खोलीत, त्यांनी केलेला चहा पीत पीत मी ती खूण केली.