आमच्या गावचा न्हाई

आज कारखान्याच्या फाटकाशी भरतीची रांग लागली होती. नव्या शर्टांच्या खळीचा वास आला आणि मला माझे वडील, आबा, आठवले.

आम्ही कारेगावचे, कारखाना आमच्याच गावच्या हद्दीत. मीही असाच नव्या शर्टात रांगेत उभा होतो, तेव्हा ठेकेदार रांगेतूनच गावातली पोरं आधी बाहेर काढायचा. लोकल पोरं दादागिरी करतात म्हणे. मी "दौंडचा" म्हणून सांगितलं. त्याला पटेना. कडेला निंबाखाली आबा उभे होते. त्यानं नेमकं त्यांनाच विचारलं, "बाबा, हा तुमच्या गावचा का?"

आबांनी मला नीट न्याहाळलं. "न्हाई साहेब. ह्याला कवा बघितला न्हाई."

नोकरी लागली, मी केवढा खूश झालो होतो! आता आबा नाहीत. माझा मुलगा त्या वयाचा झालाय. संध्याकाळी त्याच्याकडं बघत आबांचं ते वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं. पुरं म्हणवलं नाही.