उन्हात धरलेली बाटली

आमच्या घरात ट्यूबलाइटखाली कुठलाच रंग पास होत नसे. तीन पिढ्या कापड रंगवण्यात गेलेल्या. सासूबाई ओला कपडा अंगणात न्यायच्या, उन्हात धरायच्या, मगच "हं" म्हणायच्या. पुढे रंगकाम बंद पडलं, खोड तेवढी माझ्या हातात राहिली. म्हैसूरजवळ कडकोळच्या कारखान्यात त्या खोडीनंच माझी फजिती केली.

चाळिशीत नोकरीला लागलेली मी स्वतःला कोण समजत होते, देव जाणे! गळ्यात ओळखपत्र, आणि काम काय, तर समुद्राच्या पाण्यातलं शेवाळ मोजणारे सेन्सर तपासायचे. समुद्र तोवर पाहिलाही नव्हता. तो मंगळूरहून कॅनमधून यायचा. सेन्सर पाण्यात निळा प्रकाश टाकतो, नजरेला न दिसणारं शेवाळ अंधूक लाल उजेड परत देतं. उजेड जास्त, तर आकडा मोठा. तपासणीला शेवाळाच्या हिरव्या पाण्याची एक बाटली होती, तिचा आकडा ठरलेला. नियम एकच : मोजण्याआधी ती अर्धा तास बंद कपाटात ठेवायची.

त्या दिवशी चार सेन्सर दुपारच्या बसनं किनाऱ्यावर, पिंजऱ्यात मासे पाळणाऱ्यांकडे जायचे होते. माझी नोकरी पक्की व्हायला आठवडा उरला होता. बाटली कपाटातून काढली आणि वाटलं, हिरवा जरा फिका दिसतोय. झालं! रंगाऱ्यांची सून निघाली खिडकीशी. उन्हात फिरवून फिरवून पाहिला. छान होता रंग. मग मोजलं, तर आकडा कमी. दुसऱ्या सेन्सरवरही कमी. चारही तसेच.

शहाणीला वाटलं, सेन्सरच बिघडले, आता ठपका आपल्यावर. कुणाला न विचारता चारही सेन्सरांचं सेटिंग वर ढकललं, आकडा जुळवला, खोकी चिकटवली.

जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धाच टाकला. उठले, एक खोकं फोडलं. तोवर बाटली कपाटात विसावली होती. पुन्हा मोजलं, तर आकडा ठरल्यापेक्षा कितीतरी वर! उन्हानं शेवाळाचाच उजेड दबला होता, सेन्सर बिचारे खरं सांगत होते. आता ते चांगल्या पाण्यातही शेवाळ माजलंय म्हणणार, आणि मासे गुदमरतील या भीतीनं माणसं ते अर्धवट वाढलेलेच काढणार. सांगावं तर नोकरी जाते. न सांगावं तर खोकी जातात. खोकी बसवर न्यायला फाटकाशी रिक्षा येऊन उभी होती. मी साहेबीणबाईंच्या टेबलाशी गेले.

"मॅडम, खोकी पाठवू नका."

"याके? का, काय झालं?" मॅडम म्हैसूरच्याच, कन्नड बोलणाऱ्या, वयानं माझ्याहून लहान.

"बाटली उन्हात धरली मी. आणि मग सेटिंग बदललं."

"उन्हात? कशाला?"

"रंग बघायला."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अय्यो अम्मा, शेवाळ काय नेसायचं होतं तुम्हाला?"

मला हसू येईना. बस चुकली. चारही सेन्सर आम्ही दोघींनी पुन्हा लावले. "तुमचं सोमवारी बघू," एवढंच म्हणाल्या. दोन दिवस मी घरात भांडी आपटत फिरले.

सोमवारी त्यांनी नोकरीचं नावही काढलं नाही. बाटली पुढे ठेवली. "हिला काळी पिशवी शिवून आणा. आजपासून ही तुमच्याच ताब्यात."

संध्याकाळी सुटल्यावर तशीच म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात कापड घ्यायला गेले. दुकानदारानं जाड काळं कापड दिव्याखाली पसरलं. "पक्का काळा आहे, अम्मा."

मी ते उचललं आणि उरलंसुरलं ऊन होतं तिथं, रस्त्यावर नेऊन धरलं.