शून्य मार्क आणि एक फळा

अमरावतीच्या एका शाळेत मी सहा वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं होतं. लग्न होऊन अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला आले आणि पुढची तीन वर्षं नवऱ्याचा डबा भरण्यात आणि त्याला स्टेशनवर सोडण्यात गेली. शेवटी कंटाळून ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात कॉम्प्युटरच्या कोर्सला नाव घालायचं ठरवलं. आधी इंग्रजी आणि गणिताची परीक्षा द्यायची, मग तिच्यावरून ते तुम्हाला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणार.

पेपर अगदीच सोपा होता. उत्तरांसाठी छोटे छोटे गोल छापले होते. मी आपली योग्य त्या गोलावर नीटस बरोबरची खूण करत गेले. आयुष्यभर बरोबर उत्तराला तीच तर खूण केली होती! गोल पेन्सिलीने काळा करायचा, असं वर लिहिलं होतं म्हणे. सूचना आधी वाचा, असं पोरांना सहा वर्षं बजावणारी मीच. मशीनने दोन्ही विषयांत शून्य दिलं.

कॉलेजच्या ऑफिसात खिडकीमागच्या बाई गोड हसून म्हणाल्या, "काळजी करू नका, बेरीज-वजाबाकीपासून सुरू करू." म्हणजे वर्षभर अंकगणित आणि प्राथमिक इंग्रजी, त्यानंतर कोर्स. माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी नवरा म्हणाला, "अगं, एका वर्षाने काय फरक पडतो? टेन्शन घेऊ नकोस यार." त्या दिवशी त्याला अळणी आमटी मिळाली. पण खरं सांगते, राग वरवरचा होता. तीन वर्षांत आपण खरोखरच शून्य झालो की काय, या विचाराने मी घाबरले होते.

मग मी कॉलेजला तक्रारीचा अर्ज लिहिला. शाळेत रजेचा लिहायचे त्याच थाटाच्या इंग्रजीत, आदरणीय महोदयपासून आपली आज्ञाधारकपर्यंत, चांगला दोन पानी. सोबत मार्कशीटा जोडल्या. तो इंग्रजी विभागाच्या प्रमुख बाईंकडे गेला आणि त्यांनी मला बोलावून घेतलं.

"इतक्या नम्रपणे मला आजवर कुणी झापलं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि त्या अर्जालाच निबंध मानून त्यांनी मला थेट कॉलेजच्या इंग्रजीत घातलं. परीक्षेऐवजी लिखाण वाचूनही वर्ग ठरवता येतो, अशी तिथे सोय होती. फक्त कुणी सांगत नसे. किती गोड बाई होत्या!

गणिताच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांकडे मला त्याच घेऊन गेल्या. मार्कशीटांतलं त्यांना काही कळेना. त्यांनी माझ्या हातात खडू दिला, फळ्यावर एक समीकरण लिहिलं आणि स्वतः पहिल्या बाकावर जाऊन बसले. पहिल्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा तपासत लिहिल्या. मग मी सगळं विसरले. उत्तराखाली रेघ मारून मागे वळले आणि सवयीने चक्क मराठीत विचारलं, "समजलं का?"

शब्द नाही तरी सूर ओळखून प्राध्यापकांनी हात वर केला. "तिसरी पायरी कळली नाही. पुन्हा सांगता?"

त्यांना न कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मला वरच्या वर्गात घ्यायच्या फॉर्मवर तर त्यांची सही करून झालीसुद्धा होती. माझे डोळे भरून आले. मी तिसरी पायरी पुसली आणि सावकाश, पहिल्यापासून, शिकवायला लागले.