मान तिरकी करून

रावपुऱ्यातला आमचा स्कूटर मेकॅनिक गाडी सुरू करायला लावतो, मान तिरकी करतो, डोळे मिटतो आणि ऐकतो. त्याआधी पान्याला हात लावत नाही. आपण बिघाड सांगायला लागलो की म्हणतो, "तुम्ही नको, ताई. तिला बोलू द्या."

पन्नाशीच्या आत करायच्या गोष्टींच्या माझ्या यादीत पावागड पायी चढणं पहिलं होतं. गल्लीची सहल मीच आखली. बाकीची मंडळी थेट रोपवेच्या रांगेत शिरली. पायऱ्यांवर माझ्या सोबतीला हा मेकॅनिक एकटाच उरला.

तो एक पायरी पुढे चालायचा, मान तिरकी करून. मला धाप लागली की मी काही बोलायच्या आतच हा बसायचा. "थांबा, ताई. माझं इंजिन तापलं." असं दहा-बारा वेळा झालं.

"बिड्या कमी करा," मी दटावलं.

"करायलाच पाहिजेत," तो नम्रपणे म्हणाला.

शिखरावर पोहोचले आणि मी लहान मुलीसारखी टाळ्या वाजवल्या. मग आठवलं, पिशवी खालच्या टप्प्यावरच राहिली. तो धावत गेला, धावतच घेऊन आला. कपाळावर घामाचा थेंब नाही.

"इंजिन थंड झालं वाटतं?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे मान तिरकी केली, क्षणभर ऐकलं आणि हसला.

"हां, आत्ता झालं."