भागीरथीअक्कानं ऑइल बदललं

भागीरथीअक्का एकसष्टाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली आणि बासष्टाव्या वर्षी त्याच गाडीच्या खाली शिरली. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत तिला ओळखत नाही असं घर नाही. पण तिला ओळखणाऱ्यांनाही हे दुसरं ऐकून वाटलं की कोणीतरी थट्टा करतंय.

चौतीस वर्षं तिनं डॉक्टर कृष्णस्वामींच्या छोट्याशा हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटर सांभाळलं. पोट उघडण्याआधी किती चिमटे, किती कात्र्या, गॉजचे किती तुकडे हे ती मोठ्यानं मोजायची, आणि टाके घालण्याआधी पुन्हा मोजायची. आकडा जुळल्याशिवाय डॉक्टरांच्या हातात सुई द्यायची नाही. एकदा एक गॉज कमी भरला तेव्हा तिनं डॉक्टरांना अर्धा तास थांबवलं होतं. तो शेवटी टेबलाखाली, डॉक्टरांच्याच बुटाला चिकटलेला सापडला.

डॉक्टरांची पत्नी गेली, गुडघे थकले, आणि ते हॉस्पिटल बंद करून मेलबर्नला लेकीकडे जायला निघाले. जायच्या आधी त्यांनी अक्काला बोलावलं. "सिस्टर, तुम्हाला काहीतरी द्यायचंय. काय हवं ते सांगा." त्यांना वाटलं असेल, ही चांदीची समई मागेल, नाहीतर फ्रिज.

अक्का म्हणाली, "सर, तुमची गाडी."

गाडी म्हणजे १९९७ सालची डिझेल मर्सिडीज, गडद हिरव्या रंगाची. चौतीस वर्षांतली बरीच वर्षं अक्का रोज सकाळी सायकल लावताना तिच्यासमोरून गेली होती. दार बंद होताना जो जाड, मऊ आवाज व्हायचा तो तिला फार आवडायचा. हे तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

गल्लीत गाडी शिरेना, म्हणून ती एका ओळखीच्या मंगल कार्यालयाच्या आवारात उभी राहायला लागली. अक्का तीन महिन्यांत चालवायला शिकली. आणि मग पहिल्या सर्व्हिसिंगला तिनं ती एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथं तिला पंख्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. ती उठून बघायला गेली की कोणीतरी म्हणायचं, "अम्मा, इकडे तेलकट आहे, तुम्ही बसा." संध्याकाळी गाडी मिळाली. अक्कानं विचारलं, "जुना फिल्टर दाखवा."

"टाकला, अम्मा."

"कुठं टाकला?"

यावर गॅरेजवाले नुसते हसले. अक्काला ते हसणं लागलं. काढलेली वस्तू दाखवता येत नाही म्हणजे काय, हे तिला चौतीस वर्षांच्या नोकरीत कधी कळलं नव्हतं. पुढच्या वेळचं ऑइल आपण बदलायचं, हे तिनं घरी पोचायच्या आधीच ठरवून टाकलं.

डॉक्टरांनी गाडीबरोबर जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं होतं. ते तिनं रोज दुपारी, कापीचे, म्हणजे कॉफीचे, घोट घेत, पेन्सिलीनं खुणा करत वाचलं. फोनवर लोकांनी टाकलेले व्हिडिओ बघितले, थांबवून, मागे नेऊन, पुन्हा. कोण्या परदेशातला एक म्हातारा असाच हिरव्या गाडीखाली निजून बोलत होता. त्याचं इंग्रजी अर्धं कळेना, पण त्याचे हात कळत होते. चेन्नईहून तिनं फिल्टरचा डबा आणि नवं ऑइल मागवलं. डबा आला त्या दिवशी तिनं तो तीनदा उघडून बघितला. आत कागदी फिल्टर, एक मोठं रबरी कडं, एक लहान रबरी कडं आणि तांब्याची एक चकती. चार वस्तू. तिनं वहीत लिहिलं: चार आत जाणार, चार बाहेर येणार.

गाडीखाली शिरायला जागा हवी होती. ती मावसभाऊ अमरसिंहाकडे होती. त्याची शेती तिरुवैयारुच्या अलीकडे, वेट्टार नदी ओलांडल्यावर. ट्रॅक्टर धुवायला त्यानं सिमेंटचे दोन उंच पट्टे बांधून घेतले होते. चाकं त्या पट्ट्यांवर चढवली की मधल्या मोकळ्या जागेत माणूस सहज बसून काम करू शकतो. थैमासाची, म्हणजे पोंगलच्या महिन्यातली, कापणी होऊन गेली होती, शेतं रिकामी होती, ट्रॅक्टरलाही सुट्टी होती.

सकाळी नऊला अक्का निघाली. ऑइल गरम असताना काढायचं असतं, म्हणून बारा-तेरा किलोमीटर गाडी पळवणं हे त्या कामातच धरलेलं होतं. कालव्याला पाणी होतं, नारळांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. एका टाऊन बसनं मागून हॉर्न वाजवला तर अक्कानं तिला जागा दिली आणि मग पुढच्या पुलावर तिलाच मागे टाकलं.

अमरसिंह धोतरासारखी वेष्टी खोचून वाटच बघत होता. गाडीतून अक्का उतरली ती थिएटरमधले जुने हिरवे कपडे घालून, डोक्याला कापडी टोपी बांधून. तो म्हणाला, "अक्का, ऑपरेशन करणार आहेस का हिचं?"

"तू मागे बघून सांग. डावीकडे, उजवीकडे."

ती पुन्हा आत बसली, आणि त्यानं हात हलवून हलवून गाडी पट्ट्यांवर चढवून घेतली. चाकांना दोन्हीकडून दगड लावले. अक्कानं हँडब्रेक ओढला, गाडी हातानं हलवून बघितली, अमरसिंहालाही जोर लावून बघायला सांगितलं. मग तिनं ओट्यावर पांढरं धुतलेलं कापड अंथरलं आणि त्यावर हत्यारं मांडली: तेरा नंबरचा पाना, रॅचेट, स्क्रू ड्रायव्हर, फनेल, टॉर्च आणि थिएटरमधला एक जुना, लांब नाकाचा चिमटा. मोठ्यानं मोजून तिनं आकडा वहीत लिहिला. अमरसिंहाची बायको भुवना कापीचा डबरा, म्हणजे पेला-वाटी, घेऊन आली होती. ती तिथंच उभी राहिली आणि परत आत गेलीच नाही.

"नको गे अक्का, मी करतो," अमरसिंह म्हणाला. "ट्रॅक्टरचं मी वर्षाला दोनदा करतो."

"तू टब धर."

ती खाली शिरली. इंजिनाची ऊब चेहऱ्यावर आली. खालचं झाकण सोडवून बाजूला ठेवलं आणि टॉर्चच्या उजेडात तो बोल्ट दिसला, पुस्तकातल्या चित्रात होता अगदी तिथंच. चित्रातली वस्तू खरोखर जागेवर असते याचाच तिला आधी आनंद झाला. पाना बसवला. बोल्ट हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी हलेना.

"उलटा तर फिरवत नाहीस?" टब तिच्याकडे सरकवत अमरसिंहानं विचारलं.

तिनं डोळे मिटून मनात बाटलीचं झाकण उघडलं, हात कुठं फिरतो ते बघितलं, आणि पाय पट्ट्याला टेकवून पुन्हा ओढलं. कट् असा आवाज आला. शेवटचे दोन आटे बोटांनी सोडवताना बोल्ट निसटला, टबात पडला, आणि काळं, चकचकीत, गरम ऑइल तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत धावलं.

"भाजलं काय?" भुवना वाकली.

"नाही गे. बघ तर किती येतंय."

बादली भरावी तसं येत होतं. सात लिटर. अक्का तिथंच बसून शेवटचा थेंब ठिबकेपर्यंत बघत राहिली. अमरसिंहानं तेवढ्यात सांगून टाकलं, की जुनं ऑइल कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी त्याला हवंय. अक्कानं मान हलवली. आत्ता तिनं कशालाही मान हलवली असती. टबातून बोल्ट काढून पुसला, जुनी चकती काढून कापडावर ठेवली. एक. नवी चकती घालून बोल्ट परत घट्ट केला आणि ती वर आली.

बॉनेट उघडून फिल्टरच्या झाकणाचे दोन नट सोडवले. झाकण निघालं, त्याच्या खाली लांब नळी, आणि ज्या पोकळ धातूच्या डब्यात तो बसतो, त्या घराच्या तळाशी फिल्टर. तो बाहेर आल्यावर तिघंही त्यावर वाकली. कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, कडा कुजल्या होत्या. हा फिल्टर गेल्या वर्षीचा नव्हता. पाच-सहा वर्षांचा तरी असावा.

"हा म्हणे टाकला," अक्का म्हणाली. तिला राग यायला हवा होता. पण ती हसत होती, कारण आता तो तिच्या हातात होता. तिनं तो कापडावर ठेवला. दोन. नळीवरचं लहान कडं निघालं. तीन.

चौथं दिसेना.

झाकण उलटं करून बघितलं, इंजिनाच्या बाजूनं बघितलं. मोठं रबरी कडं कुठंच नव्हतं.

"मागच्यांनी घातलंच नसेल," अमरसिंह म्हणाला. "नवं लाव आणि बंद कर. ऊन वाढतंय."

"नसतं तर ऑइल गळलं असतं. गळत नव्हतं."

"मग कुठं आहे?"

अक्कानं झाकण पुसलं. कडेच्या खाचेतून नख फिरवलं. धातूच लागत होता, पण एका जागी नख किंचित रुतलं. ते कडंच होतं, वर्षानुवर्षं तापून दगड झालेलं, झाकणाच्या रंगाचं. त्याच्यावरच नवं बसवलं असतं तर झाकण नीट बसलं नसतं आणि चालत्या इंजिनातून सगळं ऑइल बाहेर फेकलं गेलं असतं. तिनं स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं हळूहळू ते उकरलं. अखंड निघेना, तुकडे पडू लागले. एकेक तुकडा ती कापडावर गोल मांडत गेली. शेवटी वर्तुळ झालं, पण पुरं झालं नाही. नखाएवढी जागा रिकामी होती.

"एवढासा रबर, अक्का."

"अमर, मी पोटात काही ठेवून शिवत नाही."

अमरसिंहानं टॉर्च घेतला आणि तो इंजिनावर वाकला. भुवना दुसऱ्या बाजूनं वाकली. दहा मिनिटं तिघांची डोकी त्या बॉनेटखाली होती. आणि भुवनालाच तो दिसला, फिल्टरच्या घराच्या आतल्या कडेला, जेमतेम अडकून. एक धक्का लागला असता तर तो आत पडला असता. अक्कानं लांब चिमटा घेतला. तिनं श्वास रोखला आणि तुकडा अलगद उचलून कापडावरच्या रिकाम्या जागी ठेवला. वर्तुळ पुरं झालं.

"चार," भुवना म्हणाली.

पुढचं सगळं भराभर झालं. नव्या कड्यांना बोटानं ऑइल लावून बसवलं, फिल्टर गेला, झाकण गेलं, नट आवळले. सात लिटर नवं ऑइल फनेलमधून ओतताना ते उसाच्या काकवीसारखं लखलखत होतं. हत्यारं मोजली. आकडा जुळला.

अक्का गाडीत बसली. किल्ली अर्धी फिरवली, पिवळा दिवा विझायची वाट बघितली, आणि पूर्ण फिरवली. इंजिन चालू झालं. ऑइलच्या दाबाचा काटा मात्र शून्यावर पडून होता. एक सेकंद. दोन. तीन. अमरसिंह गाडीखाली बघत होता, भुवना अक्काच्या तोंडाकडे. चौथ्या सेकंदाला काटा थरथरला आणि एकदम उडी मारून तीनवर जाऊन टेकला.

"खाली कोरडं आहे," अमरसिंह ओरडला. "थेंब नाही, अक्का."

अक्का स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली आणि लहान मुलीसारखी हसत सुटली.

पाच मिनिटांनी गाडी सपाट जागेवर घेऊन, बंद करून, थोडं थांबून तिनं ऑइलची पट्टी ओढली. ऑइल बरोबर दोन खुणांच्या मध्ये होतं. पण काळं होतं. आत्ताच तर सोन्यासारखं ओतलं होतं. तिचा चेहरा उतरला. तिनं सरळ मेलबर्नला व्हिडिओ कॉल लावला.

डॉक्टर कृष्णस्वामी स्वेटर घालून बसले होते. त्यांनी काळी पट्टी बघितली, हिरवे कपडे बघितले. "सिस्टर, मला काय माहीत? मी नुसती चालवली. सत्तावीस वर्षांत एकदाही बॉनेट स्वतः उघडलं नाही."

"डिझेल आहे, अक्का," अमरसिंह मागून म्हणाला. "काजळी असते आत. माझ्या ट्रॅक्टरचंही पहिल्या पाच मिनिटांत असंच होतं. सगळ्यांचं होतं."

अक्कानं वळून त्याच्याकडे बघितलं. "हे तुला ठाऊक होतं?"

"तू टब धर म्हणालीस. मी धरला."

डॉक्टर तिकडे मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "चालू करा बघू. आवाज ऐकवा." अक्कानं इंजिन चालू करून फोन बॉनेटजवळ धरला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "चांगली चाललीय," एवढंच म्हणाले.

जेवण झाल्यावर अक्का परत निघाली तर भुवना नवं लुगडं नेसून दाराशी उभी. तिला तिरुवैयारुला काकूकडे जायचं होतं म्हणे, जे सकाळी तिच्या मनातही नव्हतं. अमरसिंह मागच्या सीटवर चढून बसला. दार ओढताना त्यानं ते एकदा लावलं, उघडलं, आणि पुन्हा लावून बघितलं.

काच खाली करून अक्कानं गाडी तंजावूरऐवजी तिरुवैयारुच्या नदीकाठच्या रस्त्याला घातली. कोपरापर्यंतचा काळा डाग तिनं तसाच ठेवला होता.

"अक्का," मागून अमरसिंह म्हणाला, "हिच्या गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदलतात?"

"पुस्तकात आहे. दोनशे बाराव्या पानावर."

"मग पुढच्या रविवारी ट्रॅक्टर पट्ट्यांच्या बाहेरच उभा करतो."